महापौरपदाचे मोल

महापौर हा शहराचा पहिला नागरिक. परदेशी पाहुण्यांचे स्वागत त्याने करायचे, महापालिकेच्या मुख्य सभेचे अध्यक्षस्थान त्याने सांभाळायचे आणि शहरावर संकट आले की लोकांनी त्याच्याकडे बघायचे, अशी जनमानसातली समजूत आहे. महाराष्ट्रात आज २९ महानगरपालिका आहेत. त्या प्रत्येकीत निकालाच्या रात्रीपासूनच या पदासाठी धावपळ सुरू होते. कायद्याने या पदाला दिलेले अधिकार मात्र फार थोडे आहेत. शहराच्या तिजोरीची किल्ली महापौराकडे नसते, अधिकाऱ्यांच्या बदल्या त्याच्या हातात नसतात, बांधकामाच्या परवानगीवर त्याची सही लागत नाही. मग इतक्या जणांना महापौर व्हावेसे का वाटते आणि झाल्यावर त्यांच्या पदरात काय पडते? कायद्याचे पुस्तक वाचून याचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे या पदावर बसलेल्या माणसांच्या आयुष्यात शोधावे लागते.

पदाचा सांगाडा इंग्रजी अमदानीत तयार झाला. १८६५च्या कायद्याने मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या एकाच आयुक्ताच्या हाती दिला. त्याने बाजार बांधले, रस्ते रुंद केले, गटारांची कामे काढली. पण खर्चाला धरबंध राहिला नाही आणि करदाते संतापले. त्या वादात १८७१ मध्ये तरुण फिरोजशहा मेहता यांनी एक वेगळी मांडणी केली. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असू द्यावी, त्याच्यावर लगाम मात्र करदात्यांनी निवडलेल्या सभेचा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडलेले होते. पुढे १८८८चा मुंबई महापालिका अधिनियम घडवण्यातही मेहतांचा मोठा वाटा होता. बोरीबंदरसमोरच्या महापालिकेच्या इमारतीपुढे आजही त्यांचा पुतळा उभा आहे. त्या काळात सभेच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणत. महापौर ही पदवी १९३१ मध्ये आली आणि जे. बी. बोमन बेहराम हे मुंबईचे पहिले महापौर झाले.

मेहतांच्या योजनेत एक गोष्ट गृहीत होती. सभा जागरूक असेल, तर अधिकार आयुक्ताकडे असले तरी शेवटचा शब्द लोकप्रतिनिधींचाच राहील. परकी सत्ता असताना ही योजना शहाणपणाची होती. त्या काळात निवडून आलेल्या सभासदांच्या हाती जे पडले, ते सरकारकडून ओढून घेतलेले होते. पण स्वातंत्र्यानंतरही तोच सांगाडा कायम राहिला. मुंबईला १८८८चा कायदा लागू राहिला आणि इतर शहरांसाठी १९४९चा प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. त्यातही कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडेच ठेवले गेले. खर्चाच्या मंजुरीचे बळ स्थायी समितीकडे गेले. महापौराकडे उरले ते सभेचे अध्यक्षपद, समान मते पडल्यास निर्णायक मत, महापालिकेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क आणि आयुक्ताकडून माहिती मागवण्याचा अधिकार.

मुंबई महापालिकेच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पाचा आकडा ७४,४२७ कोटी रुपये होता. देशातल्या काही लहान राज्यांचे अर्थसंकल्पही एवढे नसतात. तो मांडला गेला तेव्हा शहरात महापौर नव्हताच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आयुक्तच प्रशासक, आयुक्तच सभागृह, आयुक्तच स्थायी समिती, अशी व्यवस्था जवळपास चार वर्षे चालली. महापौराविना शहर चालू शकते असा निष्कर्ष यातून कुणी काढेल. तो चुकीचा आहे. या काळात कचरा उचलला गेला आणि पाणीही आले, पण नागरिकांच्या वतीने भर सभेत जाब विचारणारे कुणी नव्हते. महापालिकेच्या सभागृहाचे खरे काम तेच आहे आणि ते चालवण्याची जबाबदारी महापौरावर असते.

महापौर थेट जनतेतून निवडला जात नाही. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, यावर कायदा अनेकदा बदलला. महापौराची निवड मात्र नगरसेवकांकडेच राहिली. त्याआधी आरक्षणाची सोडत निघते. नगरविकास विभाग चिठ्ठ्या काढतो आणि अमुक शहराचे महापौरपद अनुसूचित जातीसाठी, अनुसूचित जमातीसाठी, मागासवर्गासाठी, महिलेसाठी की खुल्या प्रवर्गासाठी, हे ठरते. वर्षानुवर्षे तयारी केलेल्या एखाद्या ज्येष्ठ नगरसेवकाची संधी एका चिठ्ठीने जाते आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या एखाद्या कार्यकर्तीचे नाव अचानक पुढे येते. मग गटाची नोंदणी होते, तौलनिक संख्याबळ मोजले जाते, व्हिप निघतो. बहुमत काठावरचे असेल तर नगरसेवकांना ‘सहली’ला नेऊन ठेवतात. ठरलेल्या दिवशी विशेष सभेत हात वर करून मतदान होते. मुदत अडीच वर्षांची असते आणि तीही पुष्कळदा पूर्ण मिळत नाही. पक्षात इच्छुक जास्त असले की सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी होते. कोल्हापुरासारख्या शहरात तर काही महिन्यांवर राजीनामा घेऊन पुढच्या इच्छुकाला संधी देण्याची रीतच पडून गेली होती. इतक्या थोड्या काळात शहराचा एकही मोठा प्रकल्प सुरू होऊन पूर्ण होऊ शकत नाही. महापौरपदाची किंमत जर कुणी खऱ्या अर्थाने कमी केली असेल, तर ती पक्षांच्या या वाटणीने.

असे असूनही आकांक्षेला ओहोटी लागत नाही, याचे पहिले कारण मान. महापौराला स्वतंत्र दालन, गाडी आणि निवासस्थान मिळते. मुंबईच्या महापौराचा बंगला दादरला शिवाजी पार्कजवळ, समुद्राच्या काठावर होता. ती जागा बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी दिल्यावर निवासस्थान भायखळ्याच्या राणीच्या बागेतील बंगल्यात गेले. मानधन मात्र किरकोळ असते. न्यूयॉर्कच्या महापौराचा वार्षिक पगार २,५८,७५० डॉलर आहे. तिकडे हे पूर्णवेळ आणि पूर्ण अधिकाराचे काम आहे, म्हणून त्याला तसा पगार आहे. आपल्याकडे पगार आयुक्ताला आणि मानधन महापौराला, हा फरकच कायद्याला महापौराकडून किती काम अपेक्षित आहे ते सांगतो. मुंबईचे जपानमधील योकोहामाशी १९६५ मध्ये आणि जर्मनीतील श्टुटगार्टशी १९६८ मध्ये भगिनी-शहराचे नाते जुळले. अशा नात्यांतून होणारे परदेश दौरे, महापौर चषकाच्या स्पर्धा, गरीब रुग्णांना महापौर निधीतून मिळणारी मदत, उद्घाटने आणि सत्कार यांतून लोकांशी गाठ पडते. आपल्या समाजात तर ‘माजी महापौर’ हे बिरुद माणसाच्या नावापुढे जन्मभर राहते. लग्नाच्या पत्रिकेत, सभेच्या फलकावर, शेवटी श्रद्धांजलीच्या फलकावरही ते छापले जाते.

शहराच्या नकाशावर नाव राहणे हे त्याहून टिकाऊ फळ. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला डॉ. ई. मोझेस रोड म्हणतात. डॉ. एलिजा मोझेस हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातले डॉक्टर, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर. कोकण किनाऱ्यावर तेल गाळून पोट भरणाऱ्या या लहानशा समाजातला माणूस मुंबईचा पहिला नागरिक झाला, ही त्या काळच्या मुंबईची मोठी खूण आहे. त्या वर्षांत महापौरपद शहरातल्या निरनिराळ्या समाजांना आळीपाळीने मिळावे असा संकेत होता. म्हणून १९३० ते १९५० या दोन दशकांच्या यादीत पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशी सगळी नावे सापडतात. त्या काळी एखाद्या समाजाला महापौरपद मिळणे म्हणजे शहराने त्याला आपला मानणे होते. आज आरक्षणाच्या सोडतीने तेच काम कायद्याने होते. मुंबईच्या पहिल्या महिला महापौर सुलोचना मोदी १९५६ मध्ये झाल्या. दुसरी महिला महापौर होण्यासाठी शहराला जवळजवळ चार दशके वाट पाहावी लागली. आरक्षण आल्यावर मात्र शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर अशी नावे एकामागून एक आली. सोडतीवर कितीही टीका झाली तरी हे यश तिच्या खाती आहे.

दुसरे कारण पुढची पायरी. महाराष्ट्राच्या राजकारणात महापौरपद हे मंत्रालयाच्या वाटेवरचे ठिकाण ठरले आहे. मनोहर जोशी १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर होते. १९९५ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. छगन भुजबळ दोनदा महापौर झाले आणि पुढे उपमुख्यमंत्री. मुरली देवरा महापौरपदावरून लोकसभेत आणि पुढे पेट्रोलियम मंत्रालयात गेले. नागपुरात बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर होते. पुढे ते मंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि आज त्यांचे नाव मुंबईच्या क्रिकेट मैदानावर आहे. त्याच नागपुरात देवेंद्र फडणवीस २२व्या वर्षी नगरसेवक आणि १९९७ मध्ये २७व्या वर्षी महापौर झाले. २०१४ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पुण्याचे मुरलीधर मोहोळ २०१९ ते २०२२ या काळात महापौर होते. २०२४ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले आणि लगेच केंद्रात राज्यमंत्री झाले. चिपळूणला जन्मलेल्या आणि इंदूरला सून म्हणून गेलेल्या सुमित्रा महाजन यांची सुरुवात इंदूरच्या उपमहापौरपदापासून झाली. २०१४ मध्ये त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.

ही यादी वाचून महापौरपद म्हणजे वर चढण्याचा हमखास जिना असा समज होऊ नये. उलटी उदाहरणेही तितकीच ठळक आहेत. के. एफ. नरिमन यांनी १९२०च्या दशकात बॅकबेच्या भरावातील गैरकारभार उघडा पाडला, त्यासाठी झालेला खटला लढवून ते सुटले आणि १९३५-३६ मध्ये महापौर झाले. १९३७ मध्ये काँग्रेसला मुंबई प्रांतात सत्ता मिळाली तेव्हा पंतप्रधानपद (त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना असेच म्हणत) त्यांनाच मिळणार अशी अपेक्षा होती. ते बा. गं. खेर यांना मिळाले आणि नरिमनांची राजकीय वाटचाल तिथेच थबकली. स. का. पाटील १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षे महापौर होते, पुढे केंद्रात मंत्री होते आणि मुंबईवर त्यांची इतकी पकड होती की त्यांना शहराचा अनभिषिक्त राजा म्हटले जाई. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्यांचा पराभव करणारे जॉर्ज फर्नांडिस हेही त्याच महापालिकेत नगरसेवक म्हणून पुढे आलेले होते. ज्या सभागृहाने एकाला मोठे केले, त्यातूनच त्याला हरवणारा निघाला.

महापौरपदाचा खरा उपयोग करून घेणारे मात्र वेगळ्याच जातीचे निघाले. अधिकार नसतानाही या खुर्चीला आवाज आहे, हे त्यांनी ओळखले. यातले सर्वांत मोठे उदाहरण युसूफ मेहेरअली यांचे. १९४२ मध्ये त्यांची निवड झाली तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. महापौर झाल्यावर त्यांनी पद सांभाळून जपण्याचा विचार केला नाही. ‘चले जाव’ ही घोषणा ज्यांनी सुचवली, त्या मेहेरअलींना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा अटक झाली. शहराचा पहिला नागरिक गजाआड आहे, ही गोष्ट कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलणारी होती. कलकत्त्यात सुभाषचंद्र बोस यांच्या बाबतीतही असेच घडले होते. १९३०च्या ऑगस्टमध्ये ते तुरुंगात असतानाच तिथले महापौर निवडले गेले. त्याआधी, १९२४ मध्ये देशबंधू चित्तरंजन दास कलकत्त्याचे पहिले महापौर असताना, २७ वर्षांच्या सुभाषबाबूंना महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी नेमले होते. पगार ३,००० रुपये होता; त्यांनी निम्माच घेतला. त्याच सुमारास वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे आणि जवाहरलाल नेहरू अलाहाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, तर विठ्ठलभाई पटेल मुंबई महापालिकेचे. वल्लभभाईंचे पुत्र डाह्याभाई १९५४ मध्ये मुंबईचे महापौर झाले. नळ, गटारे, प्राथमिक शाळा आणि हिशेब यांत मुरलेली ही पिढी पुढे देश चालवायला गेली. नगरपालिकेतली वर्षे त्यांना दुय्यम वाटली नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही महापालिका हे व्यासपीठ झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका जिंकली आणि समितीचे महापौर आले. १९५८ मध्ये ते पद शां. स. मिरजकर यांच्याकडे गेले. हे तेच कम्युनिस्ट कामगार पुढारी, जे १९२९च्या मीरत कटाच्या खटल्यात आरोपी होते. ज्यांना इंग्रज सरकारने राजद्रोही ठरवले, ते त्याच राजवटीत बांधलेल्या सभागृहात अध्यक्षस्थानी बसले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी की नाही यावर दिल्लीत खल चालू असताना मुंबईचा पहिला नागरिक ‘मुंबई महाराष्ट्राचीच’ असे म्हणणारा होता, याला राजकीय वजन होते.

पुण्यात १९५० मध्ये महापालिका झाली आणि बाबूराव सणस पहिले महापौर झाले. १९६७-६८ मध्ये नानासाहेब गोरे महापौर होते. गोवा मुक्तीसाठी पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहिलेला हा समाजवादी नेता आणि लेखक १९७७ नंतर लंडनमध्ये भारताचा उच्चायुक्त झाला. गोऱ्यांसारख्या माणसाने महापौरपद स्वीकारले, यातच पदाची प्रतिष्ठा होती. माणसाने पदाला मोठे करायचे, ही रीत त्या काळात होती.

अलीकडच्या काळात हाच धागा २०२० मध्ये दिसला. किशोरी पेडणेकर महापौर होण्याआधी परिचारिका होत्या. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, त्या परिचारिकेचा पांढरा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. टाळेबंदीत खाटा वाढवणे, प्राणवायू आणणे, कंत्राटे देणे ही सगळी कामे आयुक्तांच्या अधिकारातली होती. पण थकलेल्या, घाबरलेल्या परिचारिकांसमोर त्यांच्यातलीच एक होऊन उभे राहणे आयुक्तांना जमण्यासारखे नव्हते. ते महापौरालाच शक्य होते.

अधिकार कमी असताना एवढे होते, तर अधिकार दिल्यास काय होईल? हे पाहायला बाहेर नजर टाकावी लागते. बर्मिंगहॅममध्ये जोसेफ चेंबरलेन १८७३ मध्ये महापौर झाले. तेथील महापौराची मुदत एकच वर्ष, पगार नाही. स्क्रूच्या कारखान्यातून गडगंज झालेला हा व्यापारी तीनदा निवडून आला. त्याने १८७५ मध्ये खासगी गॅस कंपन्या महापालिकेच्या मालकीच्या केल्या, पाठोपाठ पाणीपुरवठाही, आणि गॅसच्या नफ्यातून शहराच्या सुधारणेला पैसा उभा केला. मध्यवस्तीतली घाणेरडी घरे पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा नवा रस्ता काढण्याची योजना त्याचीच. १८७६ मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि मंत्रीही झाला, पण पंतप्रधान कधीच झाला नाही. पंतप्रधान झाला तो त्याचा मुलगा नेव्हिल, जो आधी बर्मिंगहॅमचाच लॉर्ड मेयर होता. वडिलांच्या यशामागे बर्मिंगहॅमच्या कायद्यातली एक बाब होती: तिथे महापौर आणि नगरसभा यांच्या डोक्यावर सरकारचा आयुक्त नव्हता. सभेने ठराव केला की अधिकाऱ्यांनी तो अमलात आणायचा.

पोर्तुगालचे उदाहरण गोव्याशी जोडलेले आहे. अँतोनियो कोश्ता यांचे वडील ओर्लांदो दा कोश्ता हे लेखक, घराणे मडगावचे. घरात मुलाला ‘बाबुश’ म्हणत. २००७ ते २०१५ या काळात कोश्ता लिस्बनचे महापौर होते. लिस्बनने लोकांना अर्थसंकल्पातल्या काही रकमेवर थेट मत देण्याची सोय २००८ मध्ये केली आणि अशी सोय करणारी ती युरोपातील पहिली राजधानी ठरली. २०११ मध्ये त्यांनी आपले कार्यालयच इंतेंदेंती या बदनाम आणि मोडकळीला आलेल्या चौकात हलवले. महापौर रोज तिथे येतो म्हटल्यावर रस्ते, दिवे, पोलीस, दुकाने सगळेच हळूहळू तिथे आले. २०१५ मध्ये कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. या साऱ्या वाटचालीचा पाया लिस्बनची आठ वर्षे होती, कारण तिथे त्यांनी काय केले ते मतदारांना दिसत होते.

इंडोनेशियात जोको विडोडो २००५ मध्ये सोलो या मध्यम आकाराच्या शहराचे महापौर झाले, २०१२ मध्ये जकार्ताचे गव्हर्नर आणि २०१४ मध्ये देशाचे अध्यक्ष. पॅरिसचे जाक शिराक, इस्तंबूलचे रेजेप तय्यिप एर्दोगान, लंडनचे बोरिस जॉन्सन यांची वाटही शहरातूनच गेली. अमेरिकेत मात्र चित्र वेगळे आहे. न्यूयॉर्कच्या महापौराला साऱ्या देशात ओळखतात, पण जॉन लिंडसे, रुडी जुलियानी, मायकेल ब्लूमबर्ग आणि बिल द ब्लासिओ या न्यूयॉर्कच्या चार महापौरांनी अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न केला आणि चौघेही अपयशी ठरले. ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८२ मध्ये बफेलो शहराचे महापौर, पुढच्या वर्षी गव्हर्नर आणि १८८५ मध्ये अध्यक्ष झाले. अशी झेप तिथे पुन्हा पाहायला मिळाली नाही. मोठ्या शहराचा कारभार करताना कुणाच्या तरी हिताला धक्का लागतोच आणि त्या नाराज माणसांची संख्या वर्षागणिक वाढत जाते. काम न करणाऱ्याला हा धोका नसतो.

भारतातही वेगळे प्रयोग झाले आहेत. कोलकात्यात महापौर परिषद आहे. महापौर आणि त्याचे सहकारी विभाग वाटून घेतात आणि आयुक्त त्यांच्या हाताखाली काम करतो. मध्य प्रदेशात महापौर थेट जनता निवडते आणि मुदत पाच वर्षांची असते. इंदूर शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले, त्यात अधिकारी आणि सफाई कामगारांइतकाच स्थिर, थेट निवडलेल्या महापौराचाही वाटा आहे. महाराष्ट्रानेही १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरसाठी महापौर परिषद आणली होती. नंदू साटम मुंबईत आणि देवेंद्र फडणवीस नागपुरात त्या पद्धतीचे महापौर होते. मुख्यमंत्री होते मनोहर जोशी, म्हणजे माजी महापौरच. निर्णय बंद दाराआड होतात, विरोधकांना वाव राहत नाही, अशी टीका झाली आणि १९९९ मध्ये ही पद्धत गुंडाळली गेली. एका वर्षात कुठल्याही पद्धतीची परीक्षा होत नाही. दोष दिसले ते दुरुस्त करता आले असते. पद्धतच मोडून टाकण्याची घाई झाली.

आयुक्तावर लगाम असावा, ही फिरोजशहांची अट कायद्यात अजून शाबूत आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलवावे, अशी तरतूद आहे. पण ठराव स्थगित करण्याचा किंवा विखंडित करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव मोठ्या बहुमताने झाला, तरी त्यांची बदली पुढच्या वर्षीच झाली. त्या वेळच्या वादात बरोबर कोण होते हा वेगळा प्रश्न आहे, आणि मुंढे यांच्या बाजूने उभे राहिलेले नागरिकही पुष्कळ होते. पण निवडून आलेल्या सभागृहाचा सर्वांत कडक ठरावही मंत्रालयाच्या सहीशिवाय चालत नाही, एवढे त्यातून दिसले. १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची १८ कामे आली. ती कामे महापालिकेकडे किती आणि कुणाच्या अधिकारात द्यायची, हे मात्र राज्यावर सोडले. राज्यांनी कामे दिली आणि अधिकार आपल्याकडे ठेवले.

यामुळे महाराष्ट्रातील महापौराची आकांक्षा ठरावीक दिशेला वळते. शहरात दाखवण्यासारखे काम त्याच्या नावावर राहत नाही, म्हणून तो ओळख, संबंध आणि पक्षश्रेष्ठींची मर्जी जमवतो. अडीच वर्षांनी त्याचे लक्ष विधानसभेच्या एखाद्या मतदारसंघावर असते. सुनील प्रभू २०१२ ते २०१४ या काळात मुंबईचे महापौर होते आणि २०१४ मध्येच आमदार झाले. यात गैर काही नाही. राजकारणात पुढे जाण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पण ज्या शहराने अडीच वर्षे खुर्ची दिली, त्या शहराला बदल्यात ठोस काही मिळावे, अशी व्यवस्था असायला हवी. पाच वर्षांची मुदत, आयुक्तावर प्रत्यक्ष नियंत्रण आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी या तीन गोष्टी दिल्या तर महापौराला स्वतःच्या कामावर मते मागता येतील. मग शहर वाईट चालले तर दोष कुणाचा, हेही मतदाराला कळेल.

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि शहरांना पुन्हा महापौर मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मुदत आहे तीच अडीच वर्षांची, आणि कार्यकारी अधिकार आहेत आयुक्ताकडेच. हे बदलण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे आणि त्या विधिमंडळात आज महापौरपद भूषवलेले सदस्य आणि मंत्री बसलेले आहेत.